तुबलीच्या लाँचवरचं चेकिंग

ज्युलियन अंकलनी बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि ते आम्हा मुलांसमोर बसले. "ही गोष्ट माझ्या रूममेटची आहे, रायनची. आम्ही एकाच कंपनीत होतो. खोटं वाटलं तर वाटू दे."

कंपनीचं काम बोटींची आरोग्य तपासणी. इथे आखातात, तुबलीच्या खाडीत जुन्या लाकडी लाँच बांधलेल्या असतात. ज्यांना खोलीचं भाडं परवडत नाही, ती माणसं त्यांवर संसार करतात. गेल्या वर्षी मोठ्या ईदच्या आदल्या संध्याकाळी रायनला एका लाँचमध्ये उंदीर मारायचा गॅस सोडायचा होता. गॅस म्हटलं की लोक सामान काढत बसतात. म्हणून तो सांगायचा, "फक्त चेकिंग आहे. उतरा."

तिथे शेवंती राहायची. तिच्या लेकीचे इथे राहण्याचे कागद नव्हते. चेकिंग म्हटलं की ती लेकीला तळाच्या फळ्यांखाली लपवायची. तपासणीचा साहेब 'चेकिंग झालं' म्हणेपर्यंत बाहेर यायचं नाही, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. त्या दिवशीही तसंच बजावून ती रात्रपाळीच्या बसमध्ये चढली.

"रायनने फळ्या उचलल्या नाहीत?" आमच्यातल्या क्रिस्टलने विचारलं.

"उचलायचा नियम आहे, बाळा. पण सुट्टी लागत होती. त्याने वरूनच हाक मारली. उत्तर नाही. दारांना टेप लावली, गॅस सोडला. यल्ला, खलास. काम संपलं."

रात्री राखणीला तो धक्क्यावर कंपनीच्या गाडीतच बसला. मध्यरात्र उलटली. डोळा लागला होता. मागच्या काचेपाशी कोणीतरी उभं होतं. सात-आठ वर्षांची मुलगी. अनवाणी.

"काका, चेकिंग झालं?"

"नाही."

"मग... बाहेर येऊ नको?"

त्याला वाटलं, शेजारच्या लाँचवरची असेल. झोपमोडीने तो वैतागला.

"नको. होतीस तिथे जा. गप पडून राहा."

तिने मान हलवली. गेली.

पावलं वाजली नाहीत.

अंकल पुढे सांगू लागले.

"सकाळी टेप जशीच्या तशी होती. ती काढली. तेवढ्यात शेवंती आली. सरळ खाली गेली. फळी उचलली..."

"अंकल..."

"ओरडली नाही ती. लेकीला म्हणत होती, ऊठ, झालं चेकिंग. परत परत तेवढंच."

रायन वसईला निघून गेला. त्याची गाडी कंपनीने अंकलना दिली.

"चालू केली की मागच्या सीटचा पट्टा लावा म्हणून टिंग टिंग करते. सीट रिकामी. ती मुलगी उभी होती त्याच काचेजवळची. गॅरेजवाला मुनाफ म्हणतो, सेन्सर ठीक आहे."

"मग?"

"मी मागे जाऊन पट्टा लावतो. आवाज थांबतो. रात्री गाडीला कुलूप घालतो."

"आणि?"

"सकाळी कुलूप जसंच्या तसं. पट्टा सोडलेला असतो."