बटण गुडघ्यापासून सुटलं!

धाकट्या मामाचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाचे पाहुणे पांगले आणि ताई, वकील आणि फुगा ही तिघं भावंडं उरलेल्या सुट्टीसाठी मावशीकडे राहिली. ताई थोरली. वकील मधला, त्याला कोणी "गप्प बस" म्हटलं की तो "का?" विचारायचा. फुगा शेंडेफळ, रुसला की गाल फुगवायचा.

मावशी दगडातून शिल्पं घडवायची. जुन्या राजबागेत त्या उन्हाळ्यात शिल्पांचं प्रदर्शन भरणार होतं. मावशीचं शिल्प कारंज्यापलीकडच्या गवतावर बसवलं होतं. स्टुलावर बसून, एक डोळा मिटून सुईत दोरा ओवणारे आजोबा, म्हणजे मावशीचे बाबा! आजोबांनी जन्मभर शिवणकाम केलं होतं. आता त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी त्यांनी बजावलं होतं, "रविवारी उद्घाटनाला मला खुर्चीत घालून न्या. डॉक्टरांना काय ओरडायचं ते ओरडू देत!"

शुक्रवारी सकाळी फुगा शिल्पापाशी जाऊन किंचाळला, "ताई, आजोबा वाकलेत!"

"म्हातारे आहेत, वाकणारच," वकील म्हणाला.

"अरे, दगडाचे!"

पडद्याची किनार सरळ आहे का, हे आजोबा दोऱ्याला बटण बांधून बघायचे. फुग्याने तसंच एक बटण दगडी बोटांना लटकवून ठेवलं होतं. शिल्प बसवलं तेव्हा ते दगडी गुडघ्याला टेकत होतं. आता बटण आणि गुडघ्याच्या मधून दोन बोटं आरपार जात होती!

"फुर्रर्र! गवतावरून उतरा!"

शिट्टी फुंकत बागेचे व्यवस्थापक धावत आले. मुलांनी त्यांचं नाव शिट्टीकाका ठेवलं होतं. त्यांनी शिल्पाकडे मान तिरकी करून पाहिलं आणि मावशीला बोलावलं.

"बाई, पाया कच्चा घातलात तुम्ही. कोणाच्या अंगावर पडलं तर? उद्या क्रेन बोलावतो आणि हे उचलून गोदामात टाकतो."

"अहो, मी स्वतः उभी राहून खडी ठोकून घेतली होती," मावशी म्हणाली.

"मग काय जमीन चालायला लागली?"

शिट्टीकाका गेले. मावशी शिल्पाकडे वळली. "रविवारी बाबांना काय दाखवू आता?"

वकील मात्र खाली बघत होता. "ताई, जमीनच हलली असेल तर?"

"काहीतरीच!"

"मग हे बघ ना! सगळं गवत वाळून पिवळं पडलंय आणि एवढाच पट्टा हिरवागार?"

खरंच! शिल्पाच्या पायथ्यापासून गवताचा हिरवा पट्टा सरळ कारंज्याच्या हौदाकडे गेला होता. तिघं वाकून हौदात डोकावली. तळाशी एक चकचकीत नवी जाळी होती. फुग्याने पाण्यावर टाकलेलं पान हळूहळू फिरत जाळीच्या वर येऊन थांबलं.

"इथून पाणी चाललंय! जमिनीखालून!" ताई कुजबुजली.

तिने शिट्टीकाकांना सांगितलंही. पण ते म्हणाले, "ती जाळी मी स्वतः बसवलीय. जा, झोके खेळा!"

"का?" वकिलाने विचारलं. उत्तरादाखल शिट्टी वाजली.

शनिवारी सकाळी क्रेन फाटकातून आत शिरली. मागोमाग प्रदर्शनाच्या अध्यक्षबाई आल्या. ताईच्या पिशवीत मावशीची लाल रंगाची पूड होती.

"फुग्या, तुझं काम ठाऊक आहे ना?"

"गवतावर लोळायचं! असलं काम रोज द्या!"

फुगा बागेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन गडाबडा लोळू लागला. "फुर्रर्र!" शिट्टीकाका तिकडे धावले. तेवढ्यात ताई आणि वकिलाने सगळी पूड जाळीवर ओतली.

क्रेनवाल्याने शिल्पाला पट्टे बांधले, खाली पाहिलं आणि टुणकन मागे उडी मारली.

"रक्त! अहो, पुतळ्याला रक्त आलं!"

पायथ्यातून लालभडक पाणी पाझरत होतं! शिट्टीकाका धापा टाकत परत आले आणि त्यांची शिट्टी तोंडातून गळून पडली.

"रक्त नाही, तुमच्या हौदातलं पाणी आहे," वकील म्हणाला. "गेल्या आठवड्यात कारंजं सुरू झाल्यापासून ते या पायाखाली मुरतंय."

अध्यक्षबाईंनी हौद रिकामा करायला लावला. जाळीखाली झाडांना पाणी नेणाऱ्या, जमिनीखालच्या जुन्या पाटाचं तोंड निघालं. शोभेसाठी वर जाळी बसली होती. तोंड बुजवायचं मात्र राहून गेलं होतं.

"मला वाटलं, नुसता खड्डा आहे," शिट्टीकाका पुटपुटले. मग मावशीकडे वळून म्हणाले, "बाई, चुकलं माझं."

क्रेन आलेलीच होती. तिनेच शिल्प उचललं. पाटाचं तोंड बंद झालं, ओली माती उपसली, नवी खडी ठोकली आणि संध्याकाळी दगडी आजोबा ताठ बसले.

रविवारी खरे आजोबा खुर्चीतून आले. त्यांनी दगडातल्या स्वतःला नीट न्याहाळलं.

"एवढं नाक? माप घ्यायला टेप पुरली का गं तुला?"

"बाबा!" मावशी हसता हसता डोळे पुसू लागली.

आजोबांनी लटकतं बटण धरलं आणि हलकेच सोडलं. ते डोलून गुडघ्याला टेकलं.

"किनार सरळ आहे," ते म्हणाले. "कारागीर आहेत माझी नातवंडं!"

अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर तिघांची पाठ थोपटली आणि सुट्टी संपेपर्यंत गवतावर लोळायची परवानगी दिली. शिट्टीकाकांनी आपली शिट्टी फुग्याच्या गळ्यात घातली. त्याने ती लगेच त्यांच्यावरच वाजवली, कारण ते गवतावर उभे होते!

आजोबा दिवेलागणीपर्यंत बागेत बसले. मामाच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत, थंडीतल्या एका सकाळी, ते वारले.