पल्याडची हाळी

संध्याकाळी गाय आत बांधली की खिमुली अंगणाच्या टोकाशी उभी राही, तोंडाशी दोन्ही हात धरी आणि दरीपल्याड हाळी देई, "गे सरूऽऽ, काय करतेयस?" समोरचा डोंगर तिचीच हाळी तिला परत करी. मग ती घरात जाऊन दाराला अडसर घाली.

सरुली तिच्या माहेरची. दोघी एकाच मोसमात लग्न होऊन या दरीत आल्या, एक या उतारावर, दुसरी समोरच्या ग्वाड गावात. भेट व्हायची ती जत्रेतच. एरवी गवत कापता कापता दरीवरून गप्पा. सासूला काय झोंबलं, म्हैस कशी आटली, सगळं सगळ्या दरीला ऐकू जाईल असं. एका हिवाळ्यात सरुली पाण्याला म्हणून नदीवर उतरली ती वर आलीच नाही. पुढे ग्वाडची माणसंही एकेक करून हल्द्वानीला गेली. आता तिथं दगडी पाथरांची छपरं उरली होती, आणि छपरांतून वर आलेली झाडं.

खिमुलीच्या गावातही राहती वस्ती म्हणजे ती, आणि वर सडकेवर चहाचं दुकान चालवणारा चनरसिंग. मुलगा दिल्लीला. त्यानेच माडीवरची खोली रंगवून पाहुण्यांसाठी तयार केली होती. "ईजा, कुणी ना कुणी येत राहील. तेवढीच तुला सोबत."

फाल्गुनात, बुरांस लालभडक फुलला तेव्हा शेफाली बसू आल्या. कोलकात्यात गाणं शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या, एकट्या. दिवसभर बांज-ओकांच्या रानात हिंडून, पाखरांचे आवाज कानात भरून परतत. पहिल्याच संध्याकाळी चुलीपाशी बसता बसता त्यांनी विचारलं, "आमा, समोर कोण राहतं?"

"कुणी नाही."

"मग तुम्हाला उत्तर कोण देतं?"

"डोंगर देतो. तुमच्याकडे डोंगर नाहीत, म्हणून तुम्हाला नवल."

शेफाली हसल्या नाहीत. "डोंगर तेच परत म्हणतो, आमा. हे निराळं होतं. तुमची बोली मला येत नाही, पण सूर असा होता..." आणि गाण्याची ओळ उचलावी तसे त्यांनी शब्द उचलले. "सिंटुली, आज अबेर है गे."

नाचणीचं पीठ मळणारा खिमुलीचा हात थांबला. आज उशीर केलास. आणि सिंटुली, म्हणजे साळुंकी, हे तिचं माहेरचं नाव. फार बडबडायची म्हणून पडलेलं. या दरीत ते सरुलीवाचून कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालासुद्धा तिनं कधी सांगितलं नव्हतं.

अलीकडे तिला ऐकू कमी येई. ती रात्रभर एकच विचार करत पडली: सरुली ओ देत होती, आणि आपण दार लावून घेत होतो.

मग रोजचंच झालं. खिमुली हाळी देई, शेफाली कान देऊन ऐकत आणि कानी पडेल ते जसंच्या तसं म्हणून दाखवत. त्यांना अर्थ कळत नसे. खिमुली ऐकून पोट धरधरून हसे, उलट उत्तर देई. इतकी वर्षं न बोललेलं सगळं ती बोलून घेत होती. शेफालींनी मुक्काम वाढवला, पण त्यांचं लांबवर चालणं थांबलं. कुळथाची डाळ पुढ्यात तशीच राहू लागली.

चनरसिंग दूध न्यायला आला तेव्हा म्हणाला, "भौजी, रोज कुणाशी एवढी हसतेस? वर दुकानापर्यंत ऐकू येतं."

"सरूशी."

त्यानं दुधाची बरणी खाली ठेवली. "हाळी बंद कर, भौजी."

"मग तू येत जा बोलायला. तुला तर पायऱ्या उतरायचा कंटाळा."

तो बरणी उचलून वर निघून गेला.

"आमा," एके संध्याकाळी शेफाली म्हणाल्या, "आज आवाज समोरून नाही आला. खालून आला."

"शेतांपर्यंत उतरली असेल."

दुसऱ्या दिवशी तो नदीच्या खळखळाटातून आला. त्याच्या पुढच्या दिवशी नदीच्या अलीकडून. शेफालींनी शाल डोक्यावरून घट्ट ओढून घेतली. "मी उद्या जाते. नदीकाठच्या वाटेनं उतरेन, खालून गाडी मिळते ना?"

"आजच्यापुरतं ऐका. मग नाही म्हणणार मी."

खिमुलीनं हाळी दिली. शेफालींनी ऐकलं. मग हलक्या आवाजात त्यांनी ते शब्द म्हटले. एरवीपेक्षा जास्त होते.

खिमुलीला सगळे कळले. तुझ्याजवळ आहे ती कोण? तिला ऐकू येतं. उद्या तिला नदीवर पाठव. मी एकटी आहे.

"काय म्हणाली?"

एकटेपण म्हणजे काय, ते खिमुलीला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तिनं चुलीतलं लाकूड उगाच मागे-पुढे केलं.

"म्हणाली, सांभाळून जा. नदीची वाट खचलीय. मी येते वर सडकेपर्यंत."

सकाळी शेफालींची पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेऊन ती चढ चढली. वाटेत एकदाही तिनं त्यांना मागे वळू दिलं नाही. जीप वळणाआड गेली. चनरसिंगनं चहा दिला, तो तिनं उभ्या उभ्याच प्यायला.

त्या संध्याकाळी तिनं हाळी दिली नाही. दाराआड बसून राहिली. उजेड अजून पुरता गेला नव्हता.

"सिंटुली."

अंगणातून. आता तिच्या कानांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"ती गेली?"

 घरात दुसरं कुणी नव्हतं.

"गेली," ती म्हणाली. "मी आहे."

तिनं अडसर काढला.

अंगणात कुणी नव्हतं. गवताचा भारा तेवढा टेकवून ठेवलेला. हिरवागार, पाणी निथळणारा. या दिवसांत सगळा उतार वाळलेला असताना. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग उचलून गोठ्यात नेला आणि गाईपुढे टाकला. गाय खाऊ लागली.

तिच्या पाठीमागे, घरात, कुणीतरी फुंकणीनं चूल फुंकत होतं.