तीन देश फिरून आलेली बॅग

कुशाबातात्या ही गोष्ट रात्री जेवणं झाली की पोरांना सांगतात. देवळाच्या पायरीवर बसतात, बॅटरी विझवतात आणि म्हणतात, "ऐकीव नाय सांगत रे. माझ्या ओळखीच्या पोराबरोबर घडलेलं हाय."

तो पोरगा मी. हृतिक. शाळा नववीत सुटली, लिहायची सवय नाही. पण तात्या शेवट बदलून सांगतात, म्हणून लिहितोय.

सुरुवात ते बरोबर सांगतात. "मार्गशीर्षातली अमावस्या दुसऱ्या दिवसावर होती. सोमवार. पोरगा दुपारी मोटारसायकल घेऊन महाडला गेला, भावाची बॅग आणायला."

भाऊ म्हणजे भरतदादा. प्रवासी बोटीवर खोल्या साफ करायचा. वाडीला वाटायचं, दादा जग फिरतो. कोणी विचारलं, "व्हेनिस कसं हाय रे?" तर हसायचा. "चादर बदलताना खिडकीतून दिसलं तेवढं चांगलं हाय." बोट बंदराला लागली की त्याला चार तास सुट्टी. एक तास तपासणीच्या रांगेत. एक तास फुकटचं वायफाय शोधण्यात, घरी फोन लावायला. "प्रत्येक देशात भिंतीतलं प्लगचं भोक निराळं, हृत्या. फरशी मात्र सगळीकडे सारखीच पुसायची." अलास्काहून एकदा म्हणाला, "रात्रीचे दहा वाजलेत नि बाहेर उजेड हाय. आईला सांग, इकडं सूर्य मावळायला इसरलाय."

मला सारखा सांगायचा, पासपोर्ट काढ. "त्याची नक्कल वेगळ्या खिशात ठेवायची. सहा महिने शिल्लक असतानाच नवा करायचा, नायतर विमानात घेत नायत. मग दोघं फिरू."

गणपतीला येतो म्हणाला होता. तिसऱ्या वर्षीही आला नाही. बदली माणूस मिळाला नाही म्हणे. आई विसर्जनापर्यंत रस्त्याकडे बघत बसलेली. माझं डोकं फिरलं. फोनवर बोललो, "तिकडंच राहा. घरी येऊच नको."

तो म्हणाला, "बरं."

बावीस दिवसांनी कंपनीचा फोन आला. दोन बंदरांच्या मधे, रात्री, भरत डेकवर दिसला होता. नंतर दिसला नाही. दोन दिवस समुद्र शोधला. काही मिळालं नाही.

मी काय बोललो होतो ते आईला अजून माहीत नाही.

बॅग तेवढी परत आली. वाटेत कुठल्यातरी विमानतळावर राहून गेली, चुकून दुसरीकडे गेली. हँडलला तीन देशांच्या चिठ्ठ्या. मुंबईहून खाजगी बसने महाडला आली. मी निघताना तात्यांनी हातात नारळ दिला. "शिवेवर गावच्या राखणदार देवाला ठेव. वाटेत भरतचं नाव घेऊ नको. हाक तर मारूच नको. हाक मारलीस तर येतंय, नि आलेलं परत जायचा रस्ता इसरतं. कळलं?"

"कळलं."

महाडला सही केली, बॅग मागे दोरीने आवळून बांधली. पोलादपूरला चहा घेतला. आंबेनळीच्या रस्त्याला लागलो तेव्हा काळोख झाला होता. थंडी होती. वर जाणारी एक जीप गेली, मग कोणी नाही.

शिवेवर पोचलो. नऊला दहा कमी. नारळ ठेवला, हात जोडले, किक मारली.

गाडी चालू होईना.

परत मारली. नाही.

मग आवाज आला. खर्र...

बॅगेची चाकं. बॅग बांधलेली होती, चाकं हवेत होती. तरी फिरत होती. हळूहळू. कोणी डांबरावरून ओढत नेतंय तशी.

खर्र... खर्र...

मोबाइलचा उजेड टाकला. रस्ता रिकामा. चाकं थांबली. गाडी ढकलायला गेलो तर पुढे सरकेना. मागून कोणी धरल्यासारखी.

तात्या इथे सांगतात की पोरगा घाबरला. दोरी सोडली, बॅग दरीत ढकलली नि पळत सुटला. पोरं शहारतात.

तसं झालं नाही. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. पण मला कळलं बॅग का पुढे येत नाही. मीच सांगितलं होतं, येऊ नको. दादा ऐकायचा माझं. लहानपणापासून ऐकायचा.

"दादा..."

काही नाही.

"दादा, रागात बोललो रे मी."

रातकिडेसुद्धा बंद.

"ये... घरी चल. आई जेवायची थांबलीय."

मी रडत होतो, नाक पुसत होतो. मग बॅगेची चाकं एकदा फिरली. गाडी हलकी झाली. पहिल्या किकला चालू झाली.

घरी आई दारात उभी. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. तात्या ओट्यावर बसलेले, ते धडपडत उठले.

"तुळसा, अगो काय करतेस! मेलेल्यावरून नाय ओवाळीत!"

"लांबून आलाय," आई म्हणाली. "तसाच कसा घेऊ आत?"

तिने बॅगेवरून तुकडा ओवाळला, काळोखात टाकला, चाकांवर पाणी ओतलं. तात्या माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी हाक मारली हे त्यांना कळलं. तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून शेवट बदलून सांगायला लागले. आईसाठीच करतात, मला माहीत आहे; मेलेल्याला घरात घेतलं म्हणून वाडीने तिला नावं ठेवू नयेत.

बॅग माझ्या अंथरुणाशेजारी ठेवली. आकड्यांचं कुलूप, आकडा कुणाला ठाऊक नाही. दार आतून लावलं. मी लगेच झोपलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

सकाळी उठलो तर उशाशी हत्ती.

आईचा जुना पंचा, रात्री दांडीवर वाळत घातलेला. दुमडून, गुंडाळून त्याचा हत्ती केलेला. चार पाय, दोन कान, सोंड वर. बोटीवर नवे पाहुणे यायचे तेव्हा दादा त्यांच्या पलंगावर टॉवेलचे असे हत्ती करून ठेवायचा. आईला तो कधी करता आला नाही. मलाही नाही. वाडीत कुणालाच येत नाही.

कुलूप बंद होतं. दाराची कडी लावलेली होती. पंचा कोरडा.

सोंड तेवढी खाऱ्या पाण्याने ओली होती.