चौऱ्याऐंशी ठोके

डमी घेऊन वरच्या वॉर्डात जायचं, एवढंच त्या दुपारी माझं काम होतं. डमी म्हणजे नर्सिंग शिकवायला वापरतात तो रबरी पुतळा. आमचा तर कमरेपर्यंतच आहे. डोकं, छाती आणि दोन हात. मी त्याला व्हीलचेअरवर बसवलं, शाल गुंडाळली आणि लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर निघाले. लिफ्टमधले एक आजोबा बिचारे अंग चोरून उभे राहिले आणि म्हणाले, "आजींना लय थंडी वाजती वाटतं." मी "हो" म्हटलं.

मी मोहिनी. नाशकातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात स्टाफला शिकवायचं काम करते. माझी जीभ तिखट आहे, हे इथला वॉचमनसुद्धा सांगेल. पण त्या महिन्यात तिखट जिभेचाही उपयोग होईना. आमच्याकडे एक जुनाच रोग आहे. ऑपरेशन झालेल्या पेशंटची नाडी आणि बीपी दर तासाला बघून चार्टवर लिहायचं असतं. मुली काउंटरवर बसूनच लिहितात. वरचा आकडा खाली उतरवला की झालं. मी चार वेळा लेक्चर दिलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि परत तेच. मग म्हटलं, आता शब्दांचा उपयोग नाही, परीक्षाच घेऊ.

बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची नऊ नंबरची खाट रिकामी होती. तिथे डमी झोपवला. पायांच्या जागी दोन उशा ठेवल्या, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, गळ्यापर्यंत पांघरूण घातलं. हे फक्त मला आणि वॉर्डची इन्चार्ज हर्षाली हिला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत कोणी हात धरला, तर रबर लागेलच हाताला.

चार्टवर नाव लिहायचं होतं. पेन जरा थांबलं आणि चांगुणा भोये असं लिहून गेलं. दोन वाजताची नाडी मी चौऱ्याऐंशी लिहिली.

हे नाव कुठून आलं ते मला चांगलं माहीत आहे. आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, चांगुणा माझी पेशंट होती. पेठ तालुक्याकडची, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेली. थंडीचे दिवस होते आणि आम्ही काउंटरवर चहा घेत बसलो होतो. चार, पाच, सहा, तिन्ही तासांना मी तिची नाडी चौऱ्याऐंशी लिहिली. तिच्याजवळ गेले नाही. आत रक्तस्राव चालू होता. साडेसहाला गेले तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टरांनी माझा चार्ट बघितला आणि अचानक झालं म्हणाले. मी मूग गिळून बसले. दुसऱ्यांना शिकवायच्या कामाला मी लागले ती त्यानंतर, आणि त्यात पुण्य वगैरे काही नव्हतं. मला झोप लागत नसे.

तर, त्या दिवशी सहा वाजून गेल्यावर मी वॉर्डात गेले. डिसेंबरचा अंधार लवकर पडतो. भेटीला आलेली माणसं निघून गेली होती. फिनेलचा वास, कोणाचं तरी कण्हणं, आणि खिडकीच्या फटीतून येणारा गार वारा. दुपारपाळीला चैताली आणि राकेश ब्रदर होते. मी सरळ नऊ नंबरचा चार्ट उचलला.

तीन वाजता चौऱ्याऐंशी. हे मला अपेक्षितच होतं. पण त्याखाली चार वाजता अठ्ठ्याण्णव. पाच वाजता एकशे बारा. सहा वाजता एकशे अठ्ठावीस, आणि बीपी ऐंशीच्या खाली. आकडे मराठीत होते, मोठे आणि वाकडे. आमच्याकडे मराठी आकडे कोणी लिहीत नाही.

"हे कोणी लिहिलं?" मी हळूच विचारलं.

चैतालीचा चेहरा उतरला. "मॅडम, तीनचं मी लिहिलं... वरचं बघून. खोटं नाही बोलत. पुढे नवीन पेशंट आली, मला वाटलं राकेश ब्रदर बघतायत."

"मला वाटलं चैताली बघतेय," राकेश म्हणाला. "मी या बाजूला आलोच नाही मॅडम."

बारभाईची खेती, काय लागेल हाती. मला राग आला होता, पण त्या आकड्यांवरून नजर हलेना. नाडी चढत जाते, बीपी उतरत जातं. आतून रक्त वाहणारं माणूस असंच जातं. डमीला रक्त नसतं. म्हणजे कोणीतरी शेजारच्या पेशंटची नाडी बघून चुकीच्या चार्टवर लिहिली असणार.

शेजारी, दहा नंबरला, येवल्याच्या वत्सलाबाई होत्या. सकाळीच पिशवीचं ऑपरेशन झालेलं. त्यांचा चार्ट तीननंतर कोरा होता. मी त्यांचा हात धरला. घामाने चिंब आणि बर्फासारखा गार. मोजले. एकशे अठ्ठावीस.

मी ओरडूनच सगळ्यांना बोलावलं. पण त्या पोरांचं कौतुक करायला हवं. पुढची वीस मिनिटं कोणीही कोणावर ढकललं नाही. राकेशने दुसऱ्या हाताला सलाईन लावलं आणि "लावलं" असं मोठ्याने सांगितलं. चैतालीने ऑक्सिजन लावून रक्ताचा नमुना पळवला. हर्षालीने डॉक्टरांना फोनवर सगळे आकडे नीट वाचून दाखवले. पावणेसातला वत्सलाबाई ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. टाका सुटला होता. अर्धा तास उशीर झाला असता तर गेल्या असत्या, असं सर्जन म्हणाले.

त्या चार्टचं काय, हे मी सगळ्यांना विचारलं. मावश्यांना, फिजिओवालीला, सफाई करणाऱ्या वाळू नावाच्या पोरालाही. कोणीच लिहिलं नव्हतं. शेवटी मी नाद सोडला. आता वॉर्डात पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचा स्टाफ एकेका खाटेपाशी जातो आणि पेशंटचा हात धरूनच पुढच्याच्या ताब्यात देतो. चैताली तर इतकी कडक झाली आहे की माझ्यावरही डाफरते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाई उठून बसल्या होत्या. चहात बिस्कीट बुडवून खात होत्या. मी नाडी बघायला हात धरला, तर हसल्या.

"तुमी बी तिच्यासारखाच धरता, बाई."

"कोणासारखा?"

"ती शेजारची वो. नऊ नंबरची. त्या दिशी दर तासाला यायची. उठून, चालत. माझा हात धरून बसायची. लय गार हात व्हता तिचा."

वॉर्डात ऊन होतं. बाहेर ट्रॉलीचा आवाज येत होता. मी मोजत राहिले, पण आकडे हातातून सुटायला लागले.

"काही... बोलली का?"

"म्हनली, माझा कोनी धरला नाय." वत्सलाबाईंनी चहाचा घोट घेतला. "मंग तुमचंच नाव घेतलं तिनं. मोहिनी सिस्टर हितंच हायेत का, म्हनली. मी म्हनलं, मला ठावं नाय. तर म्हनली, असू दे, तिची येळ आली की तिचा हात धरायला मीच येनार हाय."

मला खूप भीती वाटली, आणि त्याच वेळी रडायलाही येत होतं.

"कोन लागती वो ती तुमची?" वत्सलाबाईंनी विचारलं.

मी घड्याळाकडे बघितलं आणि त्यांची नाडी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.