डाव्या कानातलं गाणं

लिफ्टचं दार मिटलं आणि माझ्या इअरफोनची वायर बाहेरच राहिली. "ओढू नका!" असं कुणीतरी म्हणेपर्यंत मी ती ओढली होती.

"गेली बिचारी," शेजारचा तरुण इतक्या गंभीरपणे म्हणाला, की मला हसूच फुटलं.

तळमजल्यावरच्या चष्म्यांच्या दुकानात तो काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. मी तिसऱ्या मजल्यावर, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मला इमारतीमागच्या बाकावर गप्प बसलेली पाहून त्याने खिशातून छोटासा म्युझिक प्लेअर काढला. त्याच्या मामाचा जुना, कडा झिजलेला. इअरफोनचं एक टोक त्याने माझ्यापुढे धरलं.

"अर्धं चालेल?"

"भागवून घेईन," मी म्हटलं.

मग रोजच भागवू लागलो. तो नेमका माझ्या उजवीकडे बसायचा. चालतानाही मागून वळसा घालून उजवीकडेच यायचा.

"हा काय प्रकार?"

"ग्रहदशा," तो म्हणायचा.

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गाण्यावरून.

"किती प्रश्न विचारते ही बाई! येशील का, थांबशील का..." मी म्हणायचे.

"कोण बाई? तो गातोय की. येतो म्हणतोय, थांबतो म्हणतोय बिचारा."

"कान तपासून घे."

तो हसला. पण जरा उशिरा.

आणि मग तो दिवस. बाकाला नवा रंग दिला होता आणि उजवं टोक अजून ओलं होतं. नाइलाजाने तो माझ्या डावीकडे बसला. "आज गाणं नको," म्हणाला. पलीकडे जनरेटर धडधडत होता. मी आदल्या रात्रीपासून जुळवलेलं वाक्य चपलांकडे बघत, अगदी हळू म्हटलं — "मला ना... तुझ्यासोबत फार आवडतं."

त्याने कपाळ पुसलं. "हो ना! फारच उकडतं."

संध्याकाळी ताईला सांगितलं, तर ती हसून हसून लोळली. "उकडतं म्हणाला? मग पंखा दे त्याला भेट!"

मला हसू येईना. नाही म्हणायचं तर सरळ म्हणावं ना... हवामान कशाला मध्ये आणायचं? मी वरच, परीक्षानळ्यांच्या सोबतीने डबा खाऊ लागले.

आठवडा उलटला असेल. वॉचमनकाका एक पाकीट घेऊन वर आले. आत प्लेअर आणि इअरफोन.

"खालच्या साहेबांनी दिलंय. म्हणाले, मॅडमची वायर तुटलीय, हे त्यांनाच राहू दे. स्वतः यायला काय झालं होतं, देव जाणे! तोंड मात्र एवढंसं करून बसलेत."

मी पहिल्यांदाच दोन्ही टोकं दोन्ही कानांत घातली. तेच गाणं लावलं. उजव्या कानात ती — 'येशील का?' आणि डाव्या कानात एक पुरुषी आवाज — 'आलोच.'

मी एक टोक काढलं. मग ते घालून दुसरं काढलं. गाणं दोघांचंच होतं. एक आवाज एका बाजूला, दुसरा दुसऱ्या. म्हणजे भांडणात आम्ही दोघंही बरोबर होतो. पण मी तर अर्धंच ऐकत होते... त्याच्याकडे वर्षानुवर्षं दोन्ही टोकं होती. तरी ती बाई त्याला कधीच ऐकू आली नव्हती?

तो वळसा. ते उशिराचं हसू. ते उकडणं!

लिफ्टची वाट न बघता मी प्लेअर घेऊन जिन्याने खाली आले. दुकानात काच घासायचं यंत्र घरघरत होतं. मी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले. "अहो चष्मेवाले..." काही नाही. डावीकडे गेले. तेवढ्याच आवाजात, "अहो."

तो दचकला. यंत्र बंद केलं.

"उजव्या कानाने ऐकू येत नाही ना तुला?"

त्याने हातातली काच उगाचच पुसली. "लहानपणी गालगुंड झालं होतं. तेव्हापासून तो नुसता चष्म्याची काडी अडकवायला."

"सांगायचंस ना, वेड्या!"

"सांगितलं की लोक ओरडून बोलतात. तू हळू बोलतेस... ते घालवायचं नव्हतं मला." मग चाचरत म्हणाला, "तू यायची का थांबलीस?"

मी प्लेअरच्या सेटिंगमध्ये शिरले, 'मोनो' शोधून काढलं. आता दोन्ही आवाज दोन्ही टोकांत येणार होते. डावं टोक मी स्वतः त्याच्या कानात बसवलं आणि गाणं लावलं.

त्याचे डोळे मोठे झाले. "अगं... बाई आहे!"

"आहेच मुळी. कधीची विचारतेय."

गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. मग मी ते टोक काढलं, आणि त्याच डाव्या कानाशी, अगदी हळू, बाकावरचं वाक्य पुन्हा म्हटलं.

तो लाल झाला. थेट उजव्या कानापर्यंत.

"नीट ऐकू आलं?" मी विचारलं.

"आलं," तो म्हणाला. "आणि खरं सांगू?... आता मात्र खरंच उकडतंय."