तळ्यावरून आलेला ट्युबा

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझ्या लिओनामावशीच्या बाबतीत हे खरंच घडलंय.

१९५८ सालचा फेब्रुवारी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं विनेबागो तळं गोठून दगड झालं होतं. पलीकडच्या काठावर लग्नाचा नाच होता आणि पोल्का नाचाच्या धुना वाजवायला आमच्या शिमेक मंडळींचा बँड.

मावशी ट्रम्पेट वाजवायची. ती नवरीच्या माणसांबरोबर दुपारीच हॉलवर पोचली. तिचा नवरा क्लॅरेन्स, ड्रमवाला एल्रॉय आणि तिचा धाकटा भाऊ नॉर्बर्ट मागून गाडीने येणार होते, बर्फावरून. हिवाळ्यात सगळे तसेच यायचे.

उन्हं कलली आणि धुकं उतरलं.

हात लांब केला तर बोटं दिसेनात. गाडीचा पत्ता नाही.

"बसले असतील कुठेतरी बिअर ढोसत," नवरीची आई हसली.

तेवढ्यात तळ्याकडून आवाज आला...

बर्फ तडकल्याचा.

मावशी ट्रम्पेट घेऊन धावली. काठावर उभी राहून जीव खाऊन वाजवू लागली. आवाजाच्या रोखाने तरी येतील!

थांबली. कान दिला.

काहीच नाही.

पुन्हा वाजवलं. गारठलेलं पितळ ओठांना चिकटायचं, सालपटं निघायची. तरी वाजवलं.

आणि मग...

ट्युबा!

नॉर्बर्टचा तो भलामोठा पितळी भोंगा. तिच्या प्रत्येक ओळीखाली दोन जाड सूर.

बुम्... बुम्...

"आला गं बाई, आला माझा नॉर्बर्ट!" ती रडत रडत हसली.

धुक्यातून दोन माणसं धडपडत आली. क्लॅरेन्स आणि एल्रॉय. अंगावरचे ओले कपडे गोठून कडक झालेले.

"नॉर्बर्ट कुठाय?"

क्लॅरेन्सचे दात वाजत होते. "गाडी खाली गेली, लिओना. तो आतच राहिला. मी हात घातला गं... नाही लागला हाताला."

"खोटं! आत्ता वाजवतोय तो! त्याच्याबरोबरच आलात ना तुम्ही?"

"आम्ही तुझ्या ट्रम्पेटच्या मागावर आलो," एल्रॉय म्हणाला. "दुसरं काही वाजतच..."

बुम्... बुम्...

आता तिघांनीही ऐकलं.

"ट्युबा गाडीतच होता," एल्रॉय पुटपुटला.

मावशीने ट्रम्पेट उचललं. क्लॅरेन्सने तिचं मनगट धरलं.

"नको वाजवूस. तो... इकडेच येतोय."

"येऊ दे! भाऊ आहे माझा!"

हात झटकून तिने फुंकलं. ओठांतून रक्त गळत होतं. ट्युबा जवळ आला. आणखी जवळ. अगदी समोर, हात लावावा इतक्या अंतरावर...

आणि थांबला.

"नॉर्बर्ट? बाळा?"

कुणीच नव्हतं. फक्त एक लांब श्वास ऐकू आला... सूर लावण्याआधी आत ओढतात तसा.

पुढचा सूर आलाच नाही.

मावशी आता नव्वदीत आहे. धुकं पडलं की खिडकी उघडून बसते. म्हणते, "श्वास घेतलाय त्याने. कधीतरी सोडेलच ना?"

तेव्हा मी तिच्या खोलीत थांबत नाही.