विरजणाला थंडी सोसत नाही

बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या उघड्या मंडईत, भर दुपारी, घामानं निथळणाऱ्या गर्दीत, निशिगंधाकाकू स्वेटर घालून बसल्या होत्या.

"वेडी वाटते ना मी?" त्यांनी विचारलं. "घरीही तेच म्हणतात."

गार्गी परवानाधारक खाजगी डिटेक्टिव्ह. शेजारी तिचा नवरा प्रबोध, जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनिअर. त्याला पंप कळतात, माणसं नाहीत.

"दुपारी पडले की माझ्या खोलीतला एसी आपोआप सुरू होतो," काकू म्हणाल्या. "हाडं गोठतात गं! सूनबाई हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. ती येईपर्यंत एसी बंद, खोली पुन्हा गरम. मुलगा म्हणतो, आई, तुला भास होतात. शनिवारी मला पुण्याच्या वृद्धाश्रमात पाठवतायत."

"कधीपासून होतंय हे?"

"कोजागरीपासून. मसाला दूध करायचं होतं, म्हणून नीट आठवतंय."

"मला आज घरी जेवायला बोलवा," गार्गी म्हणाली.

घर म्हणजे कॉन्डोतला चकचकीत फ्लॅट. प्रत्येक खोलीचा एसी वेगळा आणि सगळे फोनवरून चालणारे. कुठली खोली कधी, किती गार, सगळं ठरलेलं. एवढी अक्कल भिंतीत बसवल्यावर माणसांना ती लागत नसावी.

ही करामत रुचिरची. रुचिर म्हणजे सुनेचा भाऊ. नोकरी मिळेपर्यंत हॉलमधल्या सोफ्यावर मुक्काम.

"सिस्टम परफेक्ट आहे," तो म्हणाला. "काकूंनी काहीतरी दाबलं असेल."

"काय दाबणार? खोलीत बटणच नाही. फोनवर कोण चालवतं?"

"आम्ही तिघं. मी, ताई, भाऊजी."

"काकू गेल्या की खोली तुला?"

"मिळाली तर हवीच! पाठ मोडलीये माझी. पण म्हणून म्हातारीला छळीन का?"

प्रबोधनं डोळे बारीक केले. "हाच," तो गार्गीच्या कानात पुटपुटला. मग सून क्षिप्रा वाढायला आली, तेव्हा म्हणाला, "नाहीतर ही. सुनाच असतात."

"सीरियल कमी बघ," गार्गी म्हणाली.

पानात दही पडलं. सुरीनं कापावं असं. रुचिरनं वाटी बाजूला सारली. त्याला दही बाधतं.

"फारच सुंदर लागलंय," गार्गी म्हणाली.

"हे निशिकांतचं खातं," क्षिप्रा नवऱ्याकडे बघून हसली. "विरजण पुण्याहून आणलेलं, रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी स्वतः लावतो. मला हातही लावू देत नाही. इथे दिवसभर एसी, ओट्यावर दही लागतच नाही. आईंच्या खोलीत कधी एसी लावत नाहीत, म्हणून तिथे कपाटावर ठेवायचा. दसऱ्याला मात्र उचललं आणि बाँब शेल्टरमध्ये नेलं, इथे घरोघरी असते ना ती जाड भिंतींची, बिनएसीची कोठी, तिथे सूटकेसच्या ढिगामागे."

"का हो?"

निशिकांत, रॅफल्स प्लेसच्या बँकेतला मोठा साहेब, टायसुद्धा न सोडता जेवत होता. "आईचा धक्का लागून सांडलं असतं."

"कपाटावर?" काकू म्हणाल्या. "माझा हात तरी पोचतो का रे तिथे?"

"आई, तुला हल्ली काही आठवत नाही."

गार्गीनं चमचा खाली ठेवला. "निशिकांत, ती खोली कधीच गार होत नाही, बरोबर?"

"कधीच नाही. भास आहेत."

"मग दह्यासाठी याहून चांगली जागा नाही. तरी भांडं हललं, आणि तेही काकूंना पहिल्यांदा थंडी वाजायच्या आधी. दसरा आधी, कोजागरी नंतर. एवढं पंचांग बँकेतही कळत असेल."

गार्गीनं टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं.

"खोली पुढे गार होणार, हे भांडं हलवणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. रुचिरला दह्याचं सोयरसुतक नाही. क्षिप्रा भांड्याला हात लावत नाही, आणि गुन्हा तिचा असता तर ही गोष्ट मला हसत सांगितली नसती. उरलात तुम्ही. ऑफिसात बसून, आईच्या झोपेची वेळ साधून, बोटानं गारठा सोडत होतात. नसेल तर द्या फोन, बघू."

निशिकांतनं फोन खिशात घातला. तेवढं पुरे होतं.

"मला घरी कामाला एक खोली हवी होती," तो शेवटी म्हणाला. "आईला जा म्हणवत नव्हतं."

"वा रे सुपुत्र!" गार्गी म्हणाली. "म्हणवत नव्हतं, पण गोठवता येत होतं. आईला वेडी ठरवलं म्हणजे आपण वाईट ठरत नाही, असंच ना? शी!"

क्षिप्रा उठली. "आई कुठेही जाणार नाहीत. आजपासून सोफ्यावर तू झोप, निशिकांत."

काकूंनी स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि दह्याची वाटी मुलापुढे सरकवली.

"खा. छान लागलंय," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला विरजणाला थंडी नको म्हणून तू भांडं उचलून नेलंस, तेव्हा मी तिथेच पलंगावर पडले होते रे."